गोळी चुकली नव्हती, तरी आकडा चढला: नागपूरच्या एका सीएमएल रुग्णाचं प्रकरण

नागपुरात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या एका छोट्या संशोधन गटाचं हे प्रकरण आहे. गटाच्या प्रमुख रक्तविकारतज्ज्ञ आहेत. ओपीडीत सगळे त्यांना मॅडम म्हणतात, इथेही तेच ठेवलं आहे. गटातल्या नोंदवहीचं काम माझ्याकडे असतं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, कामाची जागा आणि काही तारखा बदलल्या आहेत. तपासण्यांचा क्रम आणि प्रत्येक वेळी घेतलेला निर्णय मात्र जसाच्या तसा आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण चाळिशीतले, कळमना मार्केटमध्ये एका अडत्याच्या गादीवर दिवाणजी. डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, एवढीच तक्रार घेऊन ते पहिल्यांदा आले होते. पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागत होती. विदर्भात अशी पाणथरी दिसली की डॉक्टरच्या मनात आधी सिकलसेल आणि मलेरिया येतो, आणि त्यात काही गैर नाही. आपल्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत मोठेपणीही पाणथरी वाढलेली राहू शकते. त्यांची सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह आली. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, मात्र पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर निघाल्या. निरोगी माणसात त्या चार ते अकरा हजारांच्या आसपास असतात. काचेवरच्या रक्तात कोवळ्या पेशींपासून पिकलेल्या पेशींपर्यंत सगळ्या अवस्था एकाच वेळी दिसत होत्या. बीसीआर-एबीएल जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि निदान पक्कं झालं.

या आजाराइतका नीट उलगडलेला कर्करोग क्वचितच असेल. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० साली फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक खुजं क्रोमोझोम दिसलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या क्रोमोझोमचे तुकडे आपसात बदलल्यामुळे ते तसं होतं, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवलं. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. ते सतत चालू राहणारं एक एन्झाइम बनवतं आणि पेशी बेलगाम वाढत जातात. हे एन्झाइम अडवणारी इमॅटिनिब ही गोळी ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर तपासली आणि मे २००१ मध्ये तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पूर्वी हा आजार काही वर्षांत माणसाला नेत असे. इमॅटिनिबच्या मूळ चाचणीत गोळीवर ठेवलेल्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक दहा वर्षांनंतरही जिवंत होते. भारतात पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०१३ रोजी संपला आणि जेनेरिक इमॅटिनिबचा रस्ता मोकळा राहिला. तसं झालं नसतं तर कळमन्याच्या दिवाणजीला ही गोळी जन्मभर परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

हा इतिहास सांगण्याचं कारण पुढे येतं. गोळी इतकी भरवशाची आहे की ती चालेनाशी झाली की संशय आधी गोळीवर येत नाही, गिळणाऱ्यावर येतो.

दिवाणजींना रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू झालं, जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्याबरोबर. सुरुवातीला डोळ्यांखाली सूज आणि रात्री पोटऱ्यांत गोळे आले. ते हळूहळू कमी झाले. सीएमएलमध्ये पुढचा सगळा हिशेब पीसीआरच्या आकड्यावर चालतो, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती टक्के उरलं त्यावर. तीन महिन्यांनी तो १० टक्क्यांच्या आत हवा, सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आत आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत. दिवाणजींचा आकडा प्रत्येक टप्प्यावर वेळेत उतरला. दुसरं वर्ष संपताना तो ०.०४ टक्के होता. मॅडमच्या भाषेत, फाइल झोपली होती.

मॅडमचं संशोधन आणि त्यातले दोन रकाने

मॅडमचा अभ्यास प्रयोगशाळेतला नाही. प्रश्न साधा आहे: विदर्भातल्या, हातावर पोट असलेल्या माणसाला जन्मभराची गोळी मिळाल्यावर तिचा गुण कितपत टिकतो आणि नाही टिकला तर का? आकडा चढलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद वहीत दोनपैकी एका रकान्यात जायची. पहिला रकाना ‘गोळ्या चुकल्या’, दुसरा ‘प्रतिकार’, म्हणजे पेशीतच बदल होऊन औषध लागू पडेनासं होणं.

पहिला रकाना नेहमी भरलेला असायचा, आणि त्याला आधार होता. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या २०१० च्या अभ्यासात ८७ रुग्णांना अशा बाटल्या दिल्या होत्या की झाकण कधी उघडलं याची नोंद त्यातली चिप ठेवी. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात ०.१ टक्क्याचा टप्पा गाठण्याची शक्यता सहा वर्षांत २८ टक्क्यांच्या आसपास होती. नियमित घेणाऱ्यांत ती ९४ टक्क्यांहून जास्त होती. महिन्यात तीन-चार गोळ्या चुकणं म्हणजे काय, हे मॅडम प्रत्येक नव्या रुग्णाला याच आकड्यांवरून समजावतात.

अडचण

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून कळमन्यात उतरू लागतात आणि डिसेंबरपर्यंत गादीवरच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. त्या मोसमात दिवाणजी दोनदा ओपीडीला आलेच नाहीत. गोळ्या त्यांचा मेहुणा घेऊन गेला. जानेवारीच्या शेवटी ते स्वतः आले, रक्त दिलं. पीसीआर ०.४ टक्के.

एकदा आकडा वर आला म्हणून कोणी औषध बदलत नाही. चाचणीत थोडा फरक पडू शकतो, म्हणून एक ते तीन महिन्यांत ती पुन्हा करायची असते. दिवाणजींना गोळ्यांबद्दल विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, “एकही गोळी चुकली नाही माही.” वहीत मात्र लाल पेनाने प्रश्नचिन्ह पडलं होतं. दोन ओपीडी चुकवलेला माणूस गोळ्या चुकवणार नाही, हे कोणाला पटत नव्हतं.

मार्चच्या मध्यात दुसरा आकडा आला, १.९ टक्के. मोसम असो वा नसो, १ टक्क्याच्या वर गेलेला आकडा म्हणजे उपचार फसल्याची खूण मानली जाते.

त्या दिवशी मॅडमनी त्यांना स्ट्रिपा घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते पिशवी घेऊन हजर. रिकाम्या स्ट्रिपा महिन्यामहिन्याच्या गठ्ठ्यात रबर लावून बांधलेल्या. प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेनने सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख. दिवाणजीच तो, आवक-जावक लिहिल्याशिवाय राहील कसा. मी मोजल्या. एकही गोळी इकडची तिकडे नव्हती.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला, आणि तो वैद्यकशास्त्राचा नव्हता. या हिशेबावर विश्वास ठेवायचा की नाही? गटातल्या एका तरुण डॉक्टरचं मत पडलं की रिकामी स्ट्रिप म्हणजे गिळलेली गोळी नव्हे. शब्दशः ते खरं आहे. मॅडम मात्र म्हणाल्या की खोटं बोलणारा माणूस एवढ्या मेहनतीने खोटं बोलत नाही, आणि त्यांनी नोंद दुसऱ्या रकान्यात हलवायला सांगितली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. फक्त रकाने दोनच होते.

समोर असलेले पर्याय

‘प्रतिकार’ गृहीत धरल्यावर टेबलावर चार गोष्टी होत्या.

सगळ्यात सरळ दिसत होतं ते दुसऱ्या पिढीच्या औषधावर, म्हणजे डासाटिनिब किंवा निलोटिनिबवर जाणं. मॅडमचा कल निलोटिनिबकडे होता. दिवाणजींना गेले काही आठवडे खोकला होता आणि डासाटिनिबमुळे छातीत पाणी होऊ शकतं, म्हणून ते नको. खोकल्याकडे लक्ष गेलं होतं, पण औषधाची निवड करताना अडसर म्हणून. तो का आहे, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. नोंदीत एकच शब्द आहे, ‘खोकला’.

दुसरा पर्याय इमॅटिनिबचाच डोस वाढवण्याचा. तिसरा, औषधाला हात लावण्याआधी जनुकातला बदल शोधण्याची चाचणी. टी३१५आय नावाचा बदल निघाला तर इमॅटिनिब, डासाटिनिब, निलोटिनिब तिन्ही कुचकामी ठरतात आणि पोनाटिनिबसारखं औषध शोधावं लागतं. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अहवालाची आठवडे-आठवडे वाट पाहायची. चौथा पर्याय आणखी एक पीसीआर करून थांबण्याचा.

ठरलं असं: जनुकचाचणीचा नमुना आजच पाठवायचा, अहवाल येईपर्यंत निलोटिनिबची पूर्वतयारी करून ठेवायची. निलोटिनिब हृदयाच्या तालावर, साखरेवर आणि चरबीवर परिणाम करतं. त्यामुळे ईसीजी, साखर, लिपिड, यकृताच्या चाचण्या आणि सोबत नेहमीची लघवी तपासणी लिहून दिली.

उलगडा

लघवीची बाटली हातात घेतलेल्या टेक्निशियनने अहवालात ‘रंग नारिंगी’ असं लिहून विषय संपवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. लघवी तपासणीचा तो रकाना कोणी वाचत नाही. पण वीसेक वर्षं हेच काम करणाऱ्या त्या माणसाने ओपीडीत फोन लावला. “मॅडम, तुमच्या त्या पेशंटले टीबीची औषधं सुरू आहेत का जी? लघवी तशी दिसते.”

रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध. ते घेणाऱ्याची लघवी, घाम, अगदी डोळ्यातलं पाणीही नारिंगी होतं. टीबीच्या कुठल्याही केंद्रावर पहिल्याच दिवशी रुग्णाला घाबरू नका म्हणून सांगतात.

दिवाणजींना आत बोलावलं. ते बराच वेळ काही बोलेनात. मग बायकोकडे पाहून म्हणाले, “सेठले समजलं असतं तर गादीवर बसू देलं नसतं मले.”

हकीगत अशी. ऐन मोसमात ताप आणि खोकला सुरू झाला, वजन उतरलं. घराजवळच्या डॉक्टरने थुंकी तपासायला पाठवलं, टीबीची सीबीनॅट चाचणी पॉझिटिव्ह आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टीबीचे उपचार सुरू झाले. बाजारात बोभाटा नको म्हणून गोळ्या बायको आणायची. ओपीडी चुकली ती कामामुळे कमी आणि अशक्तपणामुळे जास्त. टीबीच्या केंद्रावर त्यांना दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, हे विचारलं होतं. त्यांनी ‘रक्ताची गोळी’ असं उत्तर दिलं. तिथल्या कागदावर लोहाची गोळी लिहिली गेली. आमच्याकडे टीबीचं का सांगितलं नाही, तर त्यांची समजूत अशी की सगळं सरकारी कम्प्युटरमध्ये असतं, तुम्हाला दिसतच असेल.

लपवलं असं म्हणायचंच तर त्यांनी ते शेठपासून लपवलं होतं, डॉक्टरांपासून नाही. डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. दर भेटीत प्रश्न एकच असायचा, ‘आपली गोळी बरोबर घेता ना?’ त्याला त्यांनी दर वेळी खरं उत्तर दिलं.

एक गंमत याच बैठकीत कळली. सीएमएलच्या गोळीबरोबर संत्रं चालत नाही, असा मेसेज त्यांना कोणीतरी पाठवला होता. संत्र्यांच्या ढिगाशेजारी बसणाऱ्या या माणसाने दोन वर्षांत एक फोड तोंडात टाकली नव्हती. मूळ इशारा ग्रेपफ्रूटबद्दलचा आहे. ते आतड्यातलं एन्झाइम अडवतं आणि औषधाची पातळी वाढवू शकतं. नागपुरी संत्र्याची जात वेगळी, त्याची अशी भीती नाही. थोडक्यात, औषध कशाने बिघडतं याची त्यांना पूर्ण जाणीव होती. यादी चुकीची मिळाली होती.

रिफाम्पिसिन नेमकं काय करतं

यकृतात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं आणि इमॅटिनिबची विल्हेवाट मुख्यतः तेच लावतं. रिफाम्पिसिन त्या एन्झाइमचं उत्पादन वाढवतं. निरोगी स्वयंसेवकांना रोज ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन आठ दिवस देऊन मग ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब दिलं, तेव्हा शरीराला मिळालेलं इमॅटिनिब ७४ टक्क्यांनी घटलं. दिवाणजींचं वजन ५० ते ६४ किलोच्या गटात होतं. त्या गटाला सरकारी कार्यक्रमात रोज चार एकत्रित गोळ्या मिळतात, प्रत्येकीत १५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन. बेरीज तीच, ६०० मिलिग्रॅम. म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी नेमाने गिळूनही त्यांच्या अंगी लागत होती जेमतेम शंभरेक मिलिग्रॅमची.

आणि निलोटिनिब? तेही याच एन्झाइमच्या वाटेने जातं आणि रिफाम्पिसिनपुढे त्याचीही पातळी सुमारे ८० टक्क्यांनी पडते. डासाटिनिबचं तेच. लघवीचा रंग कोणाच्या डोळ्यांत भरला नसता तर दिवाणजी निलोटिनिबवर गेले असते, तेही ‘लागू पडलं नसतं’ आणि त्यांच्या फाइलवर दोन औषधांना प्रतिकार असा शिक्का बसला असता. त्यापुढची पायरी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या चर्चेची. या प्रकरणातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे: पुढची प्रत्येक पायरी पुस्तकाप्रमाणे अचूक असती.

दोन आजार, एक यकृत: पुन्हा पर्याय

कारण सापडलं तरी उत्तर सोपं नव्हतं. टीबीच्या उपचाराचे जवळपास चार महिने झाले होते, दोन उरले होते.

रिफाम्पिसिन बंद करायचं का? मॅडमनी टीबीच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा पलीकडून आलेलं उत्तर स्पष्ट होतं. रिफाम्पिसिनशिवाय टीबीचा उपचार लांबतो, कमकुवत होतो, आणि अर्धवट सोडला तर औषधांना न जुमानणारा टीबी उभा राहण्याचा धोका. घरात दोन लहान मुलं आहेत. हा पर्याय बाद.

रिफाब्युटिन हे त्याचंच भावंड एन्झाइमला कमी चाळवतं. कागदावर हा सगळ्यात देखणा पर्याय होता. अडचण व्यवहाराची होती. एकत्रित गोळी मोडून प्रत्येक औषध सुटं द्यावं लागणार, रिफाब्युटिन रोज मिळेल याची हमी नाही, आणि उरलेत दोनच महिने. टीबीचे डॉक्टर प्रयत्न करायला तयार होते. मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाल्या. इथे माझं आणि त्यांचं मत जुळत नाही. पुरवठ्याची चौकशी तरी पूर्ण करायला हवी होती असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं, नीट चाललेला टीबीचा उपचार शेवटच्या टप्प्यात ढवळायचा नाही.

टीबी संपेपर्यंत इमॅटिनिब थांबवण्याचाही विषय निघाला, कारण दोन्ही औषधांचा भार यकृतावरच पडतो. आकडा आधीच चढत असताना ते कोणालाच मानवलं नाही.

उरला डोस वाढवण्याचा मार्ग. एन्झाइम इतकं जोरात वाढवणारं औषध सोबत द्यावंच लागलं तर इमॅटिनिब निदान ५० टक्क्यांनी वाढवा आणि लक्ष ठेवा, असं औषधाच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे. ७४ टक्क्यांची घट दीडपट डोसने भरून निघत नाही, हे साधं गणित आहे. पण चौपट डोस द्यायचा आणि एन्झाइमने साथ सोडली तर? मध्येच कुठेतरी थांबणं भाग होतं.

काय केलं

आधी रक्तातल्या इमॅटिनिबची पातळी मोजायला नमुना पाठवला, गोळी घेण्याच्या अगदी आधीचा. एक मिलिलिटरमागे १००० नॅनोग्रॅमच्या आसपास पातळी असली की गुण चांगला येतो असा अंदाज आहे. दिवाणजींची ३०० च्याही खाली निघाली. डोस ६०० केला, दहा दिवसांत यकृताच्या चाचण्या ठीक आहेत हे पाहून तो ८०० केला, सकाळी ४०० आणि रात्री ४००. पुन्हा मोजलं तर पातळी ७०० च्या जवळ. हवी तेवढी नाही. आणखी वर न जाण्याचं ठरलं, कारण ८०० च्या पुढे दुष्परिणाम सोसत नाहीत आणि हेतू आता आजार खाली आणण्याचा नव्हता, दोन महिने रोखून धरण्याचा होता.

दर पंधरा दिवसांनी सीबीसी आणि यकृताच्या चाचण्या, दर महिन्याला पीसीआर. तापाला पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. शेठकडे काय सांगायचं हे दिवाणजींवर सोडलं. उपचार चालू असलेला, थुंकीत जंतू नसलेला माणूस बाजारात बसू शकतो, असं पत्र टीबीच्या डॉक्टरांनी दिलं. ते त्यांनी दाखवलं की नाही मला माहीत नाही.

एप्रिलच्या अखेरीस जनुकचाचणीचा अहवाल आला: कोणताही बदल नाही. प्रतिकार नव्हताच.

परिणाम

एप्रिलमध्ये पीसीआर १.६, मे महिन्यात १.३. खाली फारसा नाही, पण चढणं थांबलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात टीबीचा उपचार पूर्ण झाला, थुंकी निगेटिव्ह.

इथे आणखी एक खाचखळगा होता आणि तो माहीत असूनही निसटला. रिफाम्पिसिन थांबलं की एन्झाइम साधारण दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतं. तोपर्यंत इमॅटिनिबचा डोस उतरवला नाही तर ८०० ची गोळी खरोखरच ८०० सारखी वागू लागते. योजना होती दहा दिवसांनी ६०० आणि नंतर ४००. पण आमच्या ओपीडीची तारीख टीबी संपल्यावर तीन आठवड्यांनी पडली होती, आणि शेवटची टीबीची गोळी कोणत्या दिवशी आहे हे आम्हाला कोणी कळवणार नव्हतं. दिवाणजींच्या बायकोचा फोन आला: डोळे सुजून मिटलेत, पोटऱ्यांत असे गोळे की रात्रभर झोप नाही, उलट्या. फोनवरच डोस ४०० केला. सीबीसीत पेशी थोड्या उतरल्या होत्या. दहा दिवसांत सगळं निवळलं.

सप्टेंबरमध्ये पीसीआर ०.२. पुढच्या फेब्रुवारीत, मृगाची संत्री बाजारात असताना, ०.०५. औषध तेच, डोस तोच, पहिल्या दिवसाचा. निलोटिनिबची गरज पडली नाही.

पण हिशेब बरोबरीत सुटला असं नाही. काही रुग्णांना पुढे गोळी थांबवता येते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात निदान दोन वर्षं पीसीआरमध्ये आजाराचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांचं इमॅटिनिब थांबवलं. त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांत वर्षभरानंतरही आजार परतला नव्हता. हे २०१० साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून ‘गोळी कधी बंद होईल’ हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. त्यासाठी आकडा ०.०१ च्याही खाली काही वर्षं टिकावा लागतो. दिवाणजी त्या दिशेने निघाले होते. आता ती वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. त्यांनी विचारलं तेव्हा मॅडमनी हे त्यांना तसंच सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत पहिला आकडा आला त्या दिवशी ‘गोळी घेता का’ याऐवजी ‘घरात या घडीला कोणकोणत्या गोळ्या आहेत, सगळ्या पिशवीत भरून आणा’ असं म्हटलं असतं तर निदान दीड महिना वाचला असता. मार्चमध्ये स्ट्रिपा आणायला सांगितल्या त्याही ‘आपल्या’ स्ट्रिपा. माणूस सांगितलं तेवढंच आणतो.

खोकला, उतरलेलं वजन, चुकलेल्या ओपीडी हे तिन्ही कागदावर होतं, वेगवेगळ्या पानांवर. वजनाची नोंद नर्सच्या वहीत, खोकला डॉक्टरांच्या कागदावर, गैरहजेरी माझ्या वहीत. नागपुरात महिनाभराचा खोकला आणि घटलेलं वजन दुसऱ्या कुठल्याही ओपीडीत दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी थुंकी तपासली गेली असती. रक्ताच्या ओपीडीत मात्र सगळं रक्ताच्याच चष्म्यातून पाहिलं जातं.

टीबीच्या केंद्राला दोष देणं सोपं आहे, पण ‘रक्ताची गोळी’ ऐकून लोहाची गोळी लिहिणं ही कोणाचीही होऊ शकणारी गफलत आहे. रुग्णाच्या खिशात औषधाचं नाव लिहिलेलं काही नव्हतं. आता आमच्या प्रत्येक रुग्णाला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड मिळतं. त्यावर मराठीत गोळीचं नाव, डोस, ‘ही रक्ताच्या कर्करोगाची गोळी आहे’ हे वाक्य आणि रिफाम्पिसिन, फिटच्या जुन्या गोळ्या, बुरशीवरची काही औषधं सुरू करण्यापूर्वी फोन करा, अशी सूचना. ‘कर्करोग’ हा शब्द कार्डावर नको असं म्हणणारे रुग्ण बरेच आहेत. काहींनी तो खोडला आहे. त्यावर गटात अजून एकमत नाही. मला विचाराल तर शब्द खोडलेलं कार्डही चालेल, औषधाचं नाव वाचता आलं म्हणजे झालं.

डोस उतरवण्याची तारीख दुसऱ्या उपचाराच्या शेवटच्या दिवसाला बांधायला हवी होती, आमच्या ओपीडीच्या वाराला नाही. आता असा रुग्ण असेल तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते आणि फोन आम्ही करतो.

वहीत तिसरा रकाना आला आहे, ‘गोळी पोचत नाही’. तो आखल्यावर मॅडमनी ‘गोळ्या चुकल्या’ आणि ‘प्रतिकार’ या रकान्यांतल्या जुन्या फायली पुन्हा काढायला लावल्या. काम कंटाळवाणं आहे, कारण निम्म्या कागदांवर सोबतची औषधं लिहिलेलीच नाहीत आणि रुग्णांना फोन करून विचारावं लागतं. कोणी वैद्याचं चूर्ण घेतं, त्यात काय आहे ते वैद्यच जाणे. एक फाइल मात्र लख्ख निघाली. ‘गोळ्या नियमित घेत नाही, समुपदेशन करावे’ असा शेरा असलेल्या तरुणाला लहानपणापासून फिट येतात आणि त्यावर तो फेनिटोइन घेतो. तेही हेच एन्झाइम वाढवतं. मेंदुविकारतज्ज्ञांशी बोलून त्याची फिटची गोळी हळूहळू बदलणं सुरू आहे. फेनिटोइन पूर्ण थांबल्यावर तीन महिन्यांनी त्याचा पीसीआर करायचा आहे. तोपर्यंत त्याच्या फाइलवरचा जुना शेरा मॅडमनी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तसाच ठेवला आहे.